एका सहीसाठी सांगलीला

गेल्या वर्षी भाऊबिजेच्या चार दिवस आधी दादाचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर, जणू एखादी विसरलेली गोष्ट आठवावी तसा तो म्हणाला, "आणि हे बघ, येशील तेव्हा एक सही करायची आहे. गावभागातलं घर काढायचं म्हणतोय. गिऱ्हाईक चांगलं आहे."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. पुण्यात येऊन मला वीस वर्षे झाली. सांगलीला जायचे ते दिवाळीला नाही तर लग्नकार्याला, तेही दोन दिवसांपुरते. त्या घरावर माझा कायद्याने हिस्सा आहे हे सहीची वेळ येईपर्यंत माझ्या डोक्यातही आले नव्हते. पण माहेरचे घर विकायचे म्हटल्यावर, वापरात नसलेला दागिना मोडायला काढल्यासारखे वाटले खरे.

त्याच रात्री दुसरा फोन आला, तो दादाच्या मुलाचा, निखिलचा. पाच वर्षे तो पुण्यात एका कारखान्यात इंजिनीअर आहे. आवाज खाली आणून म्हणाला, "आत्या, एवढ्यात सही करू नकोस. मी सांगलीला परत जायचं म्हणतोय."

म्हणजे गंमत पाहा! जन्म सांगलीत काढलेल्या बापाला पुण्याला यायचे होते आणि पुण्यात नोकरी लागलेल्या पोराला सांगलीला जायचे होते. माझी सही दोघांच्या मधोमध अडकली होती.

पुण्याहून सांगलीला रेल्वेने जावे, असे माझे मत आहे. मोटारीने गेले की महामार्गावरून पेठ नाक्यापर्यंत सुसाट जाता येते. पण महामार्ग सांगलीला शिवत नाही. तिथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आत वळावे लागते आणि त्या रस्त्याने किती माणसांची हाडे खिळखिळी केली त्याची गणती नाही. 'महामार्ग बाजूने गेला तिथेच सांगली मागे पडली' हे दादाचे ठरलेले वाक्य. रेल्वेचे मात्र तसे नाही. कऱ्हाड मागे पडले की कृष्णाकाठची काळी जमीन लागते, दोन्ही बाजूंना ऊस डोलायला लागतो आणि किर्लोस्करवाडीचे स्टेशन येते.

हे स्टेशन आले की वडील आम्हांला हटकून एक गोष्ट सांगत. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडावी लागली. नांगर करणारा हा माणूस जागा शोधत होता. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्याला आपल्या संस्थानात बोलावले, कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला, कर्जाऊ पैसे दिले. निवडुंगाने भरलेला, सापांचा तो माळ. १९१० साली तिथे वसाहत उभी राहिली. वडील म्हणत, "माळाला काय सोनं लागलं होतं? पण 'ये, मी आहे' असं म्हणणारा एक माणूस मिळाला." लहानपणी मला या गोष्टीतले सापच तेवढे आवडत. आता वाटते, एखादे गाव धंद्याला का मानवते, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या एका वाक्यात आहे.

पुढे भिलवडी लागते. पुण्यात ज्यांच्या दुकानासमोर आपण रांग लावतो त्या चितळ्यांची डेअरी १९३९ साली इथल्या कृष्णाकाठी सुरू झाली. पुणेकरांना हे सांगितले तर ते नुसते हसतात. त्यांना वाटते, दूध पुण्यातच तयार होते.

सांगलीला उतरले तेव्हा निखिल न्यायला आला होता. तो आदल्या दिवशीच येऊन दाखल झाला होता. घरी जाण्याआधी म्हणाला, "आत्या, आधी जरा माझ्याबरोबर फीर. घरी गेलीस की बाबा बोलू देणार नाहीत."

सांगली हे नाव 'सहा गल्ली' यावरून आले असे आमच्याकडे सांगतात. मी मराठी शिकवते, त्यामुळे अशा व्युत्पत्तींवर माझा फारसा विश्वास नाही. पण आमच्या गावभागातल्या गल्ल्या मोजणाऱ्याला ती खोटी म्हणवणार नाही. १८०१ साली मिरजेच्या पटवर्धनांच्या घरात वाटण्या झाल्या आणि चिंतामणराव आप्पासाहेब मिरज सोडून कृष्णाकाठच्या या लहानशा गावी आले. त्यांनी राजधानी केली, गणपतीचे मंदिर बांधायला घेतले. तेव्हा आमचे शहर मुळात काका-पुतण्यांच्या वाटणीतून जन्माला आले आहे. घराच्या वाटणीची सही करायला निघालेल्या माझ्यासारखीला त्याचा जरा धीरच वाटला!

नव्या राजधानीला माणसे लागतात. कारभारी लागतात, व्यापारी लागतात आणि संध्याकाळी त्यांचे मन रमवणारे कोणी लागते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून राजेसाहेबांना वाटले की असे काही मराठीत व्हावे. त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसे सांगितले आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आले. पुढे देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. लहान गावाने एवढी नाटके का दिली, असा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारते. मुले नदीचे, हवेचे, रसिकतेचे नाव घेतात. माझे उत्तर साधे आहे : कुणीतरी 'करून पाहा' म्हणाले आणि पहिल्या प्रयोगाचा खर्च सोसला.

निखिलने गाडी हरिपूरच्या रस्त्याला घेतली. कृष्णा आणि वारणा यांचा संगम, काठावर संगमेश्वर, आणि रस्त्याच्या कडेला जुनी झाडे. पण त्याला मला संगम दाखवायचा नव्हता. एका मोकळ्या आवारात तो थांबला. जमिनीत एक वाटोळे तोंड होते, अर्धे बुजलेले, वर काटेरी झुडूप.

"पेव," मी म्हटले.

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार माझे विद्यार्थी रोज वापरतात. क्लासचे पेव फुटले, हॉटेलांचे पेव फुटले. पण पेव म्हणजे काय, हे पुण्यातल्या वर्गात विचारले की शांतता पसरते. पेव म्हणजे जमिनीखालचे कोठार. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढे, आत पोट मात्र मोठे. हरिपूरची माती चिकट, घट्ट. खणलेली भिंत ढासळत नाही आणि पाझरतही नाही. आतून शेणाने सारवायचे, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. आत हवा नाही म्हणून कीड नाही. वर्ष जावो, दोन वर्षे जावोत, हळद होती तशी राहते. उघडताना मात्र लगेच उतरायचे नाही. आतली कोंडलेली हवा जीवघेणी. तोंड उघडून काही तास थांबायचे, मग माणूस उतरायचा.

आमचे वडील हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी होते. कुणाचे पेव कोणते, कधी भरले, किती पोती, हे सगळे त्यांच्या चोपडीत. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांच्याबरोबर इथे आले होते. मी विचारले होते, "बाबा, इथे कुलूप नाही, पहारा नाही. कुणी चोरली तर?" ते म्हणाले होते, "चोरून नेईल कुठे? विकायला आमच्याच पेठेत येईल ना!"

सांगलीला हळद पिकते ती काही साऱ्या देशाला पुरावी एवढी नव्हे. पण लांबलांबचा माल इथे विकायला येई. का येई? तर इथे माल ठेवायला पेव होते, ठेवलेल्या मालावर पैसे देणारे सावकार आणि बँका होत्या, वायद्याचे सौदे करणारे होते, माल पाहून त्याचा कस सांगणारी नजर होती, आणि दिवाणजींच्या चोपडीतली नोंद सगळ्यांना मान्य होती. शेतकऱ्याला पडत्या भावात माल फुंकावा लागत नसे. 'ठेव, भाव आला की विकू' म्हणणारे गाव होते. मारवाडी, गुजराती, लिंगायत, जैन, ब्राह्मण, सगळे त्या एका विश्वासावर पेढ्या टाकून बसले. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात हळदीचा रंग आला, गंध आला. वडिलांच्या चोपडीचे कौतुक मात्र मला त्यात कुठे दिसले नाही.

"आणि हे बुजलं कसं?" मी विचारले, जरी मला ठाऊक होते.

"दोन हजार पाच," निखिल म्हणाला.

२००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरले. जी माती कधी पाझरली नव्हती तिच्या तोंडातून कृष्णा आत गेली. कितीतरी पेवे तेव्हा निकामी झाली. आता हळद शीतगृहांत आणि गोदामांत राहते.

तिथून त्याने मला कुपवाडला नेले. मी सांगलीत वाढले, पण कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कधी पाऊल टाकले नव्हते. विलिंग्डनला शिकणाऱ्या मराठीच्या मुलीचे तिथे काय काम? पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ गरगरत होता. त्याचा शाळासोबती, हाताला ग्रीस, पुढे येऊन म्हणाला, "नमस्कार आत्या. चहा घेणार ना?"

निखिलची कल्पना अशी. तासगावकडे द्राक्षाचे बेदाणे करतात. घड द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात आणि दोनेक आठवड्यांत बेदाणा तयार होतो. सांगलीच्या बेदाण्यालाही २०१६ साली मानांकन मिळाले आहे. पण त्याचे काड्या काढणे, निवडणे, प्रतवारी, हे काम अजून बरेचसे बायकांच्या बोटांवर चालते. मोठी यंत्रे आहेत, ती मोठ्या मालकांना परवडतात. लहान शेतकऱ्यांनी चौघांत मिळून घ्यावे असे यंत्र त्याला करायचे होते.

"ते पुण्यात नाही होणार?" मी विचारले.

"होईल. पण यंत्र बिघडलं तर शेतकरी मला फोन करणार. पुण्याहून मी पाच तासांनी पोचणार, इथून अर्ध्या तासात. ओतीव काम कोल्हापूरला होतं, ते पन्नास किलोमीटरवर. टर्नर हा इथे. वालचंद कॉलेजचे सर अजून रविवारीसुद्धा माझं ड्रॉइंग बघतात. आणि शेडचं भाडं, आत्या, पुण्यात त्या पैशात मला मोटार लावायला जागा मिळेल!"

मी काही अर्थशास्त्रज्ञ नव्हे. पण मला वाटले, हा मुलगा ज्या गोष्टी मोजत होता त्या वडिलांच्या चोपडीतल्याच होत्या. माल जवळ, कारागीर जवळ, जाणकार नजर जवळ आणि ओळख. वालचंद कॉलेज १९४७ साली निघाले, विलिंग्डन १९१९ साली. मिरजेत तर डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले आणि तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव झाले. ही सगळी एका दिवसात आणता येणारी चीज नव्हे. माणसे कारखान्यासाठी येतात हे खरे. पण बायको आजारी पडली तर डॉक्टर आहे का आणि पोराला शाळा आहे का, हे पाहून राहतात.

चहा पिताना त्याचा सोबती म्हणाला, "आत्या, आमचे पणजोबा शिकलगार. तलवारी, भाले करायचे. ते काम बसलं तशी आमच्या काही भाऊबंदांनी मिरजेत सतारी करायला घेतल्या. आमच्या घरानं लोखंड नाही सोडलं." मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली मानांकन मिळाले, त्यामागची गोष्ट हीच. शस्त्रे गेली म्हणून हाताचे कसब गेले नाही. ते भोपळ्यावर आणि लाकडावर वळले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्यामागे गवई आले, गवयांना वाद्य दुरुस्त करणारा हात शेजारीच मिळाला. लेथ चालवणारा हा मुलगा त्याच कुळातला.

इतके ऐकून मी निखिलच्या बाजूची झाले होते, हे कबूल करते. पण अजून दादाचे ऐकायचे होते.

घरी गेले. वहिनींनी करंज्या आणि भडंग पुढे केले; सांगलीकराला दिवाळीतही भडंगावाचून चालत नाही. दादाने मला काही न बोलता माजघरात नेले आणि भिंत दाखवली. भिंतीवर तीन रेघा होत्या. पेन्सिलने, बाजूला साल लिहिलेले. २००५, २०२१ आणि सगळ्यात वर २०१९. ती वरची रेघ माझ्या डोक्यावरून बरीच उंच होती.

आमच्याकडे कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात. १९२९ सालचा हा दगडी पूल आमच्या लेखी पूल कमी आणि पट्टी जास्त. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. गणपती पेठ, मारुती चौक, हरभट रोड, सगळे पाण्याखाली. पलीकडे ब्रह्मनाळला लोकांना काढताना नाव उलटली आणि माणसे गेली. दादा आणि वहिनी तेव्हा दोन दिवस माडीवर होते. खालच्या मजल्यावर वडिलांच्या चोपड्यांची पेटी होती. ती वर न्यायची राहिली.

"चोपड्यांचा लगदा झाला," दादा म्हणाला. "हातात घेतला तर अक्षर नाही. मी तेव्हाच ठरवलं. ज्या गावात माणसाला रात्री निर्धास्त झोप लागत नाही ते गाव कितीही चांगलं असलं तरी काय कामाचं? निखिल तुला कुपवाड दाखवून आला असेल. त्याला सांग, पुण्यात नोकरी आहे, पगार आहे, पाणी घरात शिरत नाही. मला एकच मुलगा आहे."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुराच्या रेघेखाली राहून माहेरपणाच्या गोष्टी सांगणे सोपे, तेही वर्षातून दोन दिवस येणारीने. वहिनी म्हणाल्या, "मला विचारलंत का कुणी? पुण्याला गेले होते ना निखिलकडे महिनाभर. सातव्या मजल्यावर. शेजारणीचं नाव कळायला तेवीस दिवस लागले. पूर आला तेव्हा माडीवर मला दूध आणून देणारा पोरगा कोण होता, ते अजून सांगता येईल मला. पण पाणी मलाही नको."

रात्री मला झोप आली नाही. वाटले, दोघेही खरे बोलत आहेत आणि दोघे एकच गोष्ट मागत आहेत. दादा म्हणतो, गावाने सांभाळले पाहिजे. निखिल म्हणतो, हेच गाव सांभाळेल. पेवाचा गुण तरी दुसरा काय होता? ठेवलेले नासू द्यायचे नाही. त्या एका गुणावर हे शहर व्यापाराला मानवले. कॉलेज काय, रुग्णालय काय, पेढी काय, प्रत्येकाने माणसाचे काहीतरी जिवापाड सांभाळले. आणि नदीने ते वचन तीनदा मोडले. आता नुसती मानांकने आणि नाट्यपरंपरा सांगून कोण येणार? जे शहर पाण्याचे काय करणार हे सांगू शकेल, तिथेच माणूस पैसा घालील आणि संसार मांडील. याच कृष्णेचे पाणी २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला गेले होते. दुसऱ्याची तहान भागवणाऱ्या नदीला स्वतःच्या काठी आवरता येऊ नये, ही आमच्या शहाणपणाची शोभा नव्हे.

दुसऱ्या दिवशी ओवाळले. दादाने ताटात पाकीट घातले आणि कागदही पुढे सरकवला. मी म्हटले, "दादा, ओवाळणी म्हणून एक मागते. एक वर्ष दे."

"म्हणजे?"

"तुम्ही दोघं इथे राहायचं नाही. विश्रामबागेत भाड्यानं घर घ्या, ते उंचावर आहे. सगळी सांगली हळूहळू तिकडेच सरकली. तुम्हीच मागे राहिलात. निखिलला एक वर्ष दे. यंत्र चाललं नाही तर पुढच्या भाऊबिजेला येईन आणि सही करीन. एक शब्द बोलणार नाही."

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि भाडं?"

"निम्मं मी देईन. हिस्सा आहे ना माझा?"

तो हसला, पण कागद घडी घालून त्याने कपाटात ठेवला, माडीवरच्या.

आता त्याला वर्ष होत आले. निखिलने पुण्याची नोकरी सोडली. पहिले यंत्र तासगावजवळच्या एका शेडमध्ये लागले, ते दोनदा बंद पडले आणि दोन्ही वेळा तो अर्ध्या तासात पोचला. दुसऱ्याची मागणी आली आहे, तिसऱ्याची बोलणी चालू आहेत. धंदा चालला असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. बुडाला असेही म्हणता येत नाही. दादा-वहिनी विश्रामबागेत राहतात. पावसाळ्यात दादा रोज सकाळी स्कूटरवरून आयर्विन पुलावर पाणी बघायला जातो आणि मला फूट कळवतो. हिशेब लिहायला निखिलला माणूस परवडत नाही, म्हणून दुपारी दादाच कुपवाडला जाऊन बसतो. वहिनी सांगतात, त्याने संगणकावर लिहायचे नाकारले आणि पेठेतून लाल कापडी बांधणीची एक चोपडी विकत आणली. ती तो रोज संध्याकाळी घरी, उंचावर, घेऊन येतो.

परवा फोन आला. म्हणाला, "भाऊबिजेला येते आहेस ना?"

"येतेय. आणि सही?"

"ती बघू," दादा म्हणाला. "आधी सकाळच्या गाडीनं ये. निखिलला तुला शेड दाखवायची आहे. आणि येताना पुण्याहून बाकरवडी आणू नकोस; वहिनीनं भडंग करून ठेवलंय."